पाटी नसलेली संस्था

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटलं की काही गोष्टी ठरलेल्या असतात. भाड्याच्या दोन खोल्या, पहिलं टेबल कुणी दिलं, कोनशिला, पहिले अध्यक्ष, देणगीदारांची यादी आणि शेवटी नव्या इमारतीचा फोटो. माझ्या वाट्याला आलेल्या संस्थेपाशी यातलं काही नाही. तिच्या नावाची इमारत माझ्या ऐकिवात नाही, दारावर पाटी नाही. १९६९ च्या अखेरीस अमेरिकेत काही मंडळी एका टेबलाभोवती बसली. तेव्हापासून ती, म्हणजे आता त्यांच्या जागी आलेली माणसं, दर काही वर्षांनी एकत्र बसतात, भांडतात आणि एक कागद लिहितात. तिच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ ‘अर्भकांच्या श्रवणासाठीची संयुक्त समिती’. आपल्यातले लोक आद्याक्षरांवरून ‘जेसीआयएच’ म्हणतात. मी पुढे नुसतं ‘समिती’ म्हणणार आहे.

आपल्याकडच्या प्रसूतिगृहात दोन दिवसांच्या बाळाच्या कानात रबरी टोक बसवून चाचणी होते, कार्डावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ लिहिलं जातं आणि ‘रेफर’ असेल तर तीन महिन्यांच्या आत ‘बेरा’ करून घ्या असं आईला बजावलं जातं. या शिरस्त्याचं मूळ शोधत गेलं तर माग त्या टेबलापाशीच पोचतो. तेव्हा पाटी नसली तरी तिचा इतिहास आपल्या स्मरणिकेत यायला हरकत नाही.

सुरुवात समितीच्याही आधीची, डेन्व्हर शहरातली. मॅरियन डाउन्स तिथल्या ऑडिओलॉजिस्ट. जन्म १९१४ चा, मिनेसोटातल्या न्यू उल्म गावातला. संसारातून सवड काढून पुन्हा शिकायला विद्यापीठात गेल्या, तेव्हा प्रवेशाच्या रांगांपैकी जी सर्वांत छोटी होती तिच्यात उभ्या राहिल्या, असं त्या स्वतःच सांगत. ती रांग श्रवण-वाचा या विषयाची निघाली. (आपल्या व्यवसायात अशा छोट्या रांगेतून आलेले पुष्कळ आहेत. त्यात मीही.) १९६० च्या दशकात डाउन्सबाईंनी त्या काळी वेडगळ वाटावा असा प्रकार सुरू केला. हातात मावणारं आवाजाचं यंत्र घ्यायचं, रुग्णालयातल्या पाळण्यांमधून फिरायचं, झोपलेल्या बाळाच्या कानाजवळ मोठा आवाज करायचा आणि बघायचं. पापणी लवते का? दचकतं का? हातपाय आखडतात का? या कामाला त्यांनी स्वयंसेविका तयार केल्या. १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने जो अहवाल छापला, तो १७,००० नवजात बाळांचा होता.

सतरा हजार! आणि तरीही हे पद्धत म्हणून टिकणारं नव्हतं. कारण समजून घ्यायला डेन्व्हरला जावं लागत नाही, आपली ओपीडी पुरते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पिशवीत घरची स्टीलची थाळी आणि पळी. ‘मॅडम, ह्याला ऐकू येतंय. ही बघा.’ त्यांनी नातवाच्या मागे उभं राहून थाळी वाजवली आणि पोरगं झटकन वळलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं ते कोर्टात साक्षीदार हजर केल्यासारखं. मी त्यांना बाजूला घेतलं, बाळाच्या मागचा दिवा बंद केला, म्हणजे सावली पडणार नाही, आणि थाळी जमिनीला किंवा खुर्चीला न टेकवता वाजवायला सांगितली. पोरगं हातातल्या झाकणाशी खेळत राहिलं. आजींनी पुन्हा वाजवली, आणखी जोरात. मग थाळी हळूच पिशवीत ठेवली. आई कोपऱ्यात उभी होती, ती पहिल्यांदा बोलली, ‘मी म्हणत होते ना, आत्याबाई.’

बहिरं मूल हलणारी सावली बघतं, अंगावर आलेली हवा आणि फरशीचा कंप ओळखतं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतं. आणि बघणाऱ्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. नवजात बाळाचं तर विचारूच नका. ते आवाजाने दचकलं की पोटातल्या कळेने, हे कुणी सांगावं? पाळण्याजवळ उभ्या स्वयंसेविकेचीही अडचण आमच्या त्या आजींसारखीच होती.

डाउन्सबाईंना हे कळत होतं. एकट्यादुकट्याने आपापल्या गावात चाचण्या घेण्यापेक्षा देशभरच्या जाणत्यांनी एकत्र बसून ठरवावं, असा आग्रह त्यांनी धरला आणि १९६९ मध्ये समिती जमली. श्रवणतज्ज्ञ होते, कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, बालरोगतज्ज्ञ होते आणि परिचारिकांनाही जागा होती. या शेवटच्या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. बाळाजवळ सर्वांत जास्त वेळ असणारी व्यक्ती पहिल्याच बैठकीपासून टेबलाशी होती, हे आपल्याकडच्या किती समित्यांबद्दल म्हणता येईल?

समितीचा पहिला कागद १९७१ चा. त्यात काय असावं? ज्यांच्या पुढाकाराने ही मंडळी जमली, त्यांचंच काम त्यांनी बाजूला ठेवलं. सध्याच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत, त्यामुळे सरसकट सगळ्या नवजात बाळांची तपासणी करा असं आम्ही सांगू शकत नाही, आधी संशोधन करा, असं त्यांनी लिहिलं. नव्या संस्थेने पहिल्याच कागदात ‘अजून नाही’ म्हणायला छाती लागते. माझ्या मते समितीच्या सगळ्या कागदांमध्ये हा सर्वांत मोलाचा आहे. पुढे तिने ‘हो’ म्हटलं तेव्हा त्या ‘हो’ला वजन आलं ते या नकारामुळे.

नुसता नकार देऊन मात्र भागत नव्हतं. १९७३ मध्ये समितीने जोखमीच्या बाळांची यादी दिली. कलमं पाच. घराण्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा, गर्भारपणात आईला झालेला रुबेला किंवा तसा संसर्ग, कान-नाक-घशाच्या रचनेतला जन्मजात दोष, दीड किलोपेक्षा कमी वजन आणि फार वाढलेली कावीळ. यातलं एक जरी लागू झालं तर त्या बाळाकडे नीट लक्ष द्या. १९८२ मध्ये जन्मताना गुदमरणं आणि मेंदूज्वर यांची भर पडून ती सात झाली. १९९० मध्ये यादी आणखी लांबली आणि कानाला अपायकारक औषधंही तिच्यात आली. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात शिक्षण घेतलं, त्यांनी तोंडी परीक्षेत ही यादी घडाघडा म्हटलेली आहे.

यादी सुटसुटीत होती, स्वस्त होती आणि अर्धवट होती. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाबतीत यादीतलं एकही कलम लागू होत नाही. गर्भारपण सुरळीत, वजन भरपूर, घरात कुणी बहिरं नाही, बाळ गुटगुटीत. अशा बाळाची आई कशाला शंका घेईल? ‘त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ या वाक्यावर आपल्याकडे किती मुलांची किती वर्षं गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. अमेरिकेतही १९८० च्या दशकात असं मूल ओळखू येईपर्यंत सरासरी अडीच-तीन वर्षांचं झालेलं असे. म्हणजे भाषेचा पाया घालायचा काळ सरलेला.

दरम्यान यंत्रांचे प्रयोग चाललेच होते. स्टॅनफर्डच्या ब्लेअर सिमन्स यांनी १९७० च्या दशकात गादीखाली संवेदक बसवलेला पाळणा तयार केला. आवाज केल्यावर बाळाची हालचाल बदलते का, हे तो स्वतःच टिपायचा. निदान बघणाऱ्याच्या मनाचे खेळ त्यातून वजा झाले. पण खरी वाट दुसरीकडून निघाली, आणि तीही दोन ठिकाणांहून. एक म्हणजे आवाज ऐकल्यावर मेंदूच्या देठात उमटणाऱ्या बारीक विद्युतलहरी टिपणं. हीच आपली ‘बेरा’. कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावायच्या, बाळ झोपलेलं असावं, कानात टिक-टिक सोडायची आणि संगणक शेकडो लहरींची सरासरी काढतो. दुसरी वाट लंडनमधली. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट छापली. कान नुसता आवाज घेत नाही, तो आवाज देतोही. अंतर्कर्णातल्या केसपेशी आवाजाला प्रतिसाद देताना स्वतः हलतात आणि त्यांचा क्षीण प्रतिध्वनी कानाच्या पोकळीत परत येतो. कानात बारीक मायक्रोफोन ठेवला तर तो पकडता येतो. बाळाला काही विचारायला नको, त्याच्याकडे बघायला नको. कानच उत्तर देतो. हीच ‘ओएई’.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते, ते न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. बाळ नुकतंच दूध पिऊन झोपलेलं असावं. कानाची पाळी किंचित मागे-खाली ओढून रबरी टोक घट्ट बसवायचं. खोलीतला पंखा बंद, भेटायला आलेल्या नातेवाइकांना दाराबाहेर, आणि शेजारच्या खाटेवरचं बाळ रडू नये अशी मनोमन प्रार्थना. सगळं जमलं तर एका कानाला मिनिटही लागत नाही. नाही जमलं तर अर्धा तास जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात जन्मावेळचा ओलावा आणि पांढरा लेप असतो, त्यामुळे चांगला ऐकणारा कानही ‘रेफर’ दाखवतो. म्हणून ‘रेफर’ म्हणजे बहिरं नव्हे, ‘रेफर’ म्हणजे पुन्हा तपासा. हे आईला सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. घाबरवलं तर ती रात्रभर रडते आणि धीर दिला तर ती परत येत नाही.

भरवशाची यंत्रं हाती आल्यावर घटना वेगाने घडल्या. १९८९ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी २००० सालापर्यंत कमी ऐकू येणारी ९० टक्के मुलं वर्षाची व्हायच्या आत ओळखायची, असं उद्दिष्ट जाहीर केलं. १९९० मध्ये हवाई राज्याने आणि १९९२ मध्ये ऱ्होड आयलंडने कायदा केला. ऱ्होड आयलंडमध्ये तर प्रॉव्हिडन्सच्या प्रसूती रुग्णालयात ओएई लावून सगळ्या बाळांची तपासणी करता येते, हे करून दाखवलेलं होतं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने सर्वांची तपासणी करावी असा कौल दिला. आणि १९९४ मध्ये, पहिल्या नकारानंतर तेवीस वर्षांनी, समितीने आपलं मत बदलून सरसकट तपासणीला पाठिंबा दिला.

त्याच वर्षी फ्रेड बेस आणि जॅक पॅराडाइज या दोन मातब्बरांनी याविरुद्ध लिहिलं. हे सोपं नाही, निर्धोक नाही, फायद्याचं असेलच असं नाही आणि सध्या समर्थनीय नाही, असा त्यांचा एकूण सूर. कित्येकांनी त्यांच्यावर राग धरला. मला मात्र वाटतं, त्यांनी उपकारच केले. लवकर ओळखल्याने मुलाचं भलं होतं हे गृहीत धरलं जात होतं, त्याचा पुरावा त्यांनी मागितला. उत्तर १९९८ मध्ये कोलोरॅडोतून आलं, जिथे डाउन्सबाईंनी पाळण्यांमधून फेऱ्या मारल्या होत्या त्याच राज्यातून. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत ओळखलेल्या ७२ मुलांची आणि त्यानंतर ओळखलेल्या ७८ मुलांची भाषा ताडून पाहिली. आधी ओळखलेली आणि लगेच हाती घेतलेली मुलं भाषेत स्पष्टपणे पुढे होती.

मग २००० सालचा कागद आला आणि त्यातून जगभर गेलेले तीन आकडे : एक, तीन, सहा. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. मी आयांना हे आपल्या पंचांगाने सांगते. बाराव्या दिवशी बारसं झालं, आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं. ते ऐकू गेलं का, हे सव्वा महिन्याची आंघोळ व्हायच्या आत पाहून घ्यायचं. मान धरायला लागेपर्यंत बेरा करून निदान पक्कं करायचं. आणि उष्टावणाच्या दिवशी बाळाच्या तोंडात खिरीचा चमचा जाईल तेव्हा कानात श्रवणयंत्र असलं पाहिजे. हे लक्षात राहतं. ‘वन-थ्री-सिक्स’ राहत नाही.

२००७ च्या कागदात एक बारीक पण महत्त्वाची दुरुस्ती होती. जी बाळं पाच दिवसांपेक्षा जास्त अतिदक्षता विभागात, म्हणजे काचेच्या पेटीत वगैरे राहिली, त्यांना नुसती ओएई पुरणार नाही, बेरा पद्धतीनेच तपासा. कारण ओएई फक्त केसपेशींची खबर देते. जोराची कावीळ झालेल्या बाळाच्या केसपेशी शाबूत असतात, पण पुढे मज्जातंतूत गडबड असू शकते. अशा बाळाची ओएई छान ‘पास’ होते आणि मूल मात्र शब्द उकलू शकत नाही. आपल्याकडे आजही कित्येक ठिकाणी अतिदक्षता विभागातून घरी सोडताना फक्त ओएई होते. यंत्र तेच आहे म्हणून तेच वापरलं, असं कारण दिलं जातं. हे कारण नव्हे.

समितीचे नंतरचे कागद जाडजूड होत गेले आणि त्यात चाचणीबद्दल कमी, चाचणीनंतरबद्दल जास्त लिहिलेलं दिसतं. तसं व्हायला सबळ कारण होतं. २००० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून जास्त बाळांची तपासणी होऊ लागली होती. पण ‘रेफर’ झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाळांचं पुढे काय झालं, याची नोंदच सरकारदरबारी नव्हती. आई पत्ता बदलून गेली, विमा संपला, दुसरीकडे दाखवलं पण कळवलं नाही, किंवा कुणी बोलावलंच नाही. यंत्रं होती, कायदे होते, पैसा होता. तरीही. २०१३ मध्ये समितीने खास पुढच्या सेवेवर पुरवणी काढली. त्यात एक गोष्ट ठळकपणे आली : बहिऱ्या प्रौढ व्यक्तींना या कामात बरोबरीने घ्या आणि ज्या घराला खुणांची भाषा हवी, तिथे ती उत्तम जाणणाऱ्याकडूनच शिकवा. चाचणी घेणाऱ्यांच्या टेबलाशी बहिरी माणसं इतक्या उशिरा येऊन बसावीत, हा समितीचा दोष मी मानते. पन्नासाव्या वर्षी, २०१९ मध्ये, तिने आणखी पुढचं सांगितलं : जिथे एक-तीन-सहा साधलं आहे, तिथे आता एक-दोन-तीन साधायला बघा.

मॅरियन डाउन्स हे पाहायला नव्हत्या. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी म्हातारपण कसं जगावं यावर पुस्तक लिहिलं आणि २०१४ मध्ये वयाची शंभरी पूर्ण करून त्या गेल्या.

आपल्याकडे या कागदांचं बी दोन-तीन ठिकाणी रुजलं. कोचीत २००३ पासून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तिथल्या शाखेने, डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकाराने, एक साधी युक्ती काढली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्यापेक्षा एकच यंत्र आणि ते चालवणारी प्रशिक्षित व्यक्ती रुग्णालयारुग्णालयातून फिरवायची. ओएई दोनदा, मग बेरा. महागड्या यंत्राचा प्रश्न त्यांनी गाडीभाड्यात बसवला. माझ्या मते भारतात या विषयावर झालेलं हे सर्वांत शहाणं काम. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला एक मान आला : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्याचा भाग असताना. त्यात तपासायच्या व्याधींमध्ये जन्मजात बहिरेपणा आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पुढच्या तपासणीसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. पात्र मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते, त्याचं देशभरचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे.

ती तुटते कुठे, ते आपल्याला ठाऊक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. चाचणी माहेरच्या तालुक्यात झाली, कार्डावर नंबर वडिलांचा किंवा भावाचा. तिसऱ्या महिन्यात बाळ सासरी गेलं, दोनशे किलोमीटरवर. आपण बेराची तारीख कळवायला फोन करतो तेव्हा मामा उचलतो आणि म्हणतो, ‘ते गेले की त्यांच्या घरी.’ समितीच्या कुठल्याच कागदात याचं उत्तर मिळणार नाही, कारण तिथल्या बाळंतिणी माहेरी येत नाहीत. ते आपल्यालाच लिहावं लागेल. तोवर एवढं तरी करा : ‘रेफर’ लिहिलेल्या प्रत्येक कार्डावर दोन नंबर घ्या, एक माहेरचा आणि एक सासरचा, आणि सासरच्या जिल्ह्यातल्या केंद्राचा पत्ता बाळ डिस्चार्ज होण्याआधी आईच्या हातात द्या.